हिशेबाची वही बदलताना : कंपन्यांमध्ये नवी लेखाप्रणाली का अडखळते

नवी दिल्ली : हिशेबाच्या पुस्तकात एकदा केलेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येऊ नये, अशी व्यवस्था देशातील प्रत्येक नोंदणीकृत कंपनीसाठी १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाली. कंपनी (लेखे) नियम, २०१४ मधील तिसऱ्या नियमाला जोडलेल्या या तरतुदीनुसार, संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपनीने प्रत्येक व्यवहाराचा माग ठेवणारी, प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद करणारी आणि हा माग बंद करण्याची सोय नसलेलीच प्रणाली वापरायची आहे. मूळ अधिसूचना मार्च २०२१ मधील होती. अंमलबजावणी आधी २०२२ पर्यंत आणि नंतर २०२३ पर्यंत पुढे ढकलण्यात आली, यावरूनच उद्योगांची तयारी किती होती याचा अंदाज येतो.

या नियमाने एक जुना प्रश्न ऐरणीवर आणला. हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलणे ही आजवर सोयीची बाब मानली जात होती. पैसा हाताशी असला आणि वेळ मिळाला की बघू, असे म्हणून ती पुढे ढकलली जात असे. आता मात्र ती कायद्याची, कराची आणि प्रसंगी कंपनीच्या श्वासाची बाब झाली आहे. वस्तू व सेवा कराच्या ई-चलन व्यवस्थेने हा फास आणखी आवळला. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरू झालेली ही सक्ती टप्प्याटप्प्याने १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी अशी उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढालीपर्यंत आली. चाकण, राजकोट वा कोइम्बतूर येथील मध्यम आकाराचा कारखानाही त्यामुळे या जाळ्यात आला.

कीर्द, खतावणी आणि त्यापुढचे

हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि व्यवसाय व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर यांत फरक आहे आणि घोटाळ्याची सुरुवात अनेकदा हा फरक न ओळखण्यातून होते. पहिल्या प्रकारात घडून गेलेल्या व्यवहाराची नोंद होते. बिल आले, नोंदले. पैसे दिले, नोंदले. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद ही चारही कामे पूर्वी मुनीम दौतटाकाने करीत, ती यंत्र करते. बंगळुरूत १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘टॅली’ने भारतीय दुकानदार व कारखानदारांची ही गरज इतकी नेमकी भागवली की अनेक गावांत हिशेबनीसाच्या नोकरीची पात्रताच ‘टॅली येते का’ या प्रश्नाने मोजली जाऊ लागली.

दुसरा प्रकार ‘ईआरपी’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्यात हिशेब हा उगम नसून परिणाम असतो. खरेदी विभागाने मागणीपत्र काढले, फाटकावर माल उतरला, भांडारपालाने तो मोजून घेतला, गुणवत्ता तपासनीसाने त्यातील काही नाकारला, नंतर पुरवठादाराचे बिल आले. या प्रत्येक टप्प्याची नोंद जागच्या जागी होते आणि मागणीपत्र, माल-आवक व बिल हे तिन्ही जुळले तरच रक्कम देय ठरते. लेखापालाने वेगळी कीर्द लिहिण्याची गरज उरत नाही. गुण इथेच आहे आणि जोखीमही. फाटकावरच्या माणसाने शंभराऐवजी हजार नग टाइप केले तर ती चूक थेट ताळेबंदापर्यंत पोहोचते. जुन्या पद्धतीत मधे एक हिशेबनीस बसलेला असे. आकडा पाहून त्याच्या भुवया उंचावत. ते भुवया उंचावणे नव्या व्यवस्थेत कुठे ठेवायचे, हा अंमलबजावणीतील खरा प्रश्न असतो. विक्रेत्याच्या सादरीकरणात त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

एकाच बोल्टची तीन नावे

समजा, वाहनांचे सुटे भाग करणारी, पंचवीस कोटी रुपये उलाढालीची एक खासगी कंपनी नव्या प्रणालीकडे निघाली आहे. तिच्या जुन्या यादीत एक बोल्ट तीन नावांनी आहे : ‘बोल्ट ८ एमएम’, ‘हेक्स बोल्ट एम ८’ आणि ‘बोल्ट एम ८ एचटी’. पहिली दोन नावे एकाच वस्तूची आहेत. तिसरी वस्तू अधिक ताण सोसणाऱ्या पोलादाची, म्हणजे खरोखरच वेगळी आहे. हे कुठेही लिहिलेले नाही. वीस वर्षे भांडार सांभाळणाऱ्या माणसाच्या डोक्यात आहे. बाहेरून आलेल्या सल्लागाराने तिन्ही एकत्र केली तर उद्या चुकीचा बोल्ट जोडणीला जाईल. तिन्ही वेगळी ठेवली तर एकाच वस्तूचे दोन साठे आणि दोन सरासरी भाव तयार होतील. त्यात हा बोल्ट खरेदी होतो किलोत आणि वापरला जातो नगांत. एका किलोत किती नग, हे गुणोत्तर एकदा चुकीचे भरले की साठ्याचे मूल्य दर महिन्याला थोडे थोडे वाहत जाते आणि वर्षअखेरीच्या मोजणीत त्याला ‘चोरी’ असे नाव मिळते.

वस्तू, पुरवठादार, ग्राहक आणि खाती यांच्या अशा मूळ याद्या स्वच्छ करणे हे संपूर्ण कामातील सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम होय. पुरवठादारांच्या बाबतीत एक सोय आहे. नावाचे स्पेलिंग दोन प्रकारे लिहिलेले असले तरी जीएसटी क्रमांक फसवत नाही. पंधरा चिन्हांच्या या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. पुढची दहा चिन्हे म्हणजे त्या व्यक्तीचा वा संस्थेचा पॅन क्रमांक, आणि शेवटचे चिन्ह आधीची चिन्हे बरोबर आहेत की नाही हे पडताळण्यासाठी असते. एकच पॅन दोन नावांखाली दिसला की दुहेरी खाते सापडते. वस्तूंसाठी असा पडताळा नाही. तिथे भांडारपालाला शेजारी बसवूनच यादी वाचावी लागते.

याद्यांची शिस्त किती मोलाची असते, याची प्रचीती सप्टेंबर २०२५ मध्ये आली. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबरच्या बैठकीत करदरांची फेररचना मंजूर केली आणि बहुतांश वस्तूंचे नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. हातात तीन आठवड्यांहूनही कमी दिवस होते. करदर वस्तूच्या एचएसएन संकेतांकाशी जोडलेला असेल तर संकेतांकनिहाय दर बदलून काम भागते. दर प्रत्येक वस्तूच्या नोंदीत स्वतंत्रपणे भरलेला असेल तर हजारो नोंदी एकेक करून उघडाव्या लागतात. सॉफ्टवेअर एकच असले तरी एकाचे काम एका दुपारीत संपते आणि दुसऱ्याच्या रात्री जातात.

आरंभीच्या शिलकांची कथा वेगळी. जुन्या तेरजेतील ‘धनको’ या एका ओळीची रक्कम नव्या प्रणालीत नेऊन भागत नाही. कोणत्या बिलापैकी किती देणे उरले, हे बिलवार न्यावे लागते. तसे करू गेल्यावर कळते की तीन वर्षांपूर्वी दिलेली आगाऊ रक्कम अजून कोणत्याच बिलात वळती झालेली नाही. परत पाठवलेल्या मालाची नावे-चिठ्ठी पुरवठादाराने मान्यच केलेली नाही. माल आला आहे, पण बिल आलेले नाही आणि तरीही तो वापरून संपला आहे. जॉबवर्कसाठी बाहेर गेलेला माल तर अनेक ठिकाणी केवळ चलनांच्या पुस्तकात जिवंत असतो. जीएसटी कायद्यानुसार असा कच्चा माल सामान्यतः एका वर्षात परत यावा लागतो, अन्यथा तो पाठवला त्याच दिवशी विकला गेल्याचे मानले जाते. त्यामुळे या पुस्तकातील प्रत्येक जुनी ओळ ही संभाव्य करदेणी असते. नवी प्रणाली या गोष्टी निर्माण करीत नाही, उघड्या करते. दोष मात्र तिच्या माथी येतो.

स्थलांतराचा दिवस बहुतेक कंपन्या १ एप्रिल ठरवतात, कारण वर्षाची पाटी कोरी असते. पण मार्चअखेर हा लेखा विभागाच्या दमछाकीचा काळ असतो आणि मागील वर्षाच्या अंतिम शिलका लेखापरीक्षण होईपर्यंत पक्क्या होत नाहीत. तिमाहीच्या सुरुवातीला, म्हणजे १ जुलै किंवा १ ऑक्टोबरला बदल करणे वरकरणी गैरसोयीचे वाटले तरी अनेकदा अधिक शहाणपणाचे ठरते. हंगामाच्या तोंडावर मात्र असे धाडस करू नये. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने सुमारे ११ कोटी डॉलरची नवी प्रणाली जुलै १९९९ मध्ये, हॅलोवीनच्या मागण्या येण्याच्या ऐन काळात एका झटक्यात सुरू केली. कोठारांत माल होता, पण प्रणालीला तो दिसत नव्हता. दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या मागण्या त्या हंगामात अपुऱ्या राहिल्या.

पोर्टलशी बोलणारी वही

एकात्मीकरण या शब्दाचा व्यवहारातील अर्थ असा की, दोन यंत्रांनी माणसाला मध्ये न घेता एकमेकांशी बोलावे. ई-चलन हे त्याचे सर्वांत सुस्पष्ट उदाहरण. कंपनीची प्रणाली बिलाचा तपशील ठरलेल्या साच्यात सरकारमान्य नोंदणी पोर्टलकडे पाठवते. पोर्टल तो तपासून चौसष्ट चिन्हांचा एकमेव संदर्भ क्रमांक आणि क्यूआर संकेत परत करते. हा क्रमांक यदृच्छेने ठरत नाही. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिलाचा क्रमांक या चार गोष्टींवर गणिती प्रक्रिया करून तो काढला जातो. त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा पाठवले तर तोच क्रमांक निघतो आणि पोर्टल ते नाकारते.

ही योजना चोख आहे; अडचण मधल्या तारेत येते. बिल पाठवले, पोर्टलने क्रमांक दिला, पण तो परत पोहोचण्याआधी इंटरनेट तुटले. कंपनीच्या प्रणालीला वाटते की बिल गेलेच नाही. ती पुन्हा पाठवते आणि ‘दुबार’ असे उत्तर मिळते. प्रणाली नीट बांधलेली असेल तर ती अशा वेळी आधी दिलेला क्रमांक मागवून घेते. नसेल तर घाईतला कारकून बिलाचा क्रमांक बदलून नवे बिल काढतो, मालमोटार निघून जाते आणि सरकारच्या दफ्तरी एका मालाची दोन बिले राहतात. चुकलेले ई-चलन पोर्टलवर रद्द करण्यासाठी केवळ चोवीस तास मिळतात. त्यानंतर जमा-चिठ्ठी काढण्यावाचून मार्ग नसतो. शनिवारी सायंकाळी झालेली चूक सोमवारी सकाळी लक्षात आली तर मुदत संपलेली असते. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी वा त्याहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांत ते पोर्टलवर नोंदवणे आवश्यक झाले आहे. मागच्या तारखेची बिले नंतर सावकाश काढण्याची सवय त्यामुळे मोडीत निघाली.

खरेदीच्या बाजूला याहून अधिक पैसा अडकतो. १ जानेवारी २०२२ पासून, पुरवठादाराने आपले बिल विवरणपत्रात दाखवले असेल आणि ते खरेदीदाराच्या पोर्टलवरील तक्त्यात उमटले असेल, तरच त्यावरील कराची वजावट मिळते. हा तक्ता दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो. कंपनीच्या खरेदी नोंदवहीतील बिले आणि या तक्त्यातील बिले जुळवणे हे मासिक काम झाले आहे. पुरवठादाराने बिलाचा क्रमांक शून्यासह लिहिला आणि कंपनीने शून्य गाळून नोंदवला, एवढ्या कारणाने यंत्राला दोन बिले वेगळी वाटतात. जुळणी हाताने करणारा माणूस ती क्षणात ओळखतो, पण पाचशे बिलांनंतर त्याचेही डोळे थकतात. प्रणालीत बिलाचा क्रमांक जसाच्या तसा नोंदवण्याची शिस्त लावणे हाच स्वस्त उपाय आहे.

लघु पुरवठादारांच्या देण्यांची बाबही आता प्रणालीत शिरली आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी कमाल पंचेचाळीस दिवसांत रक्कम द्यावी लागते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) घातले आणि सूक्ष्म व लघु उद्योगांची अशी थकलेली देणी प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षातच खर्च म्हणून मान्य करण्याची तरतूद केली. आता मुदत मोजायची ती बिलाच्या तारखेपासून नव्हे, माल स्वीकारल्यापासून. म्हणजे भांडारातील माल-आवक नोंद, पुरवठादाराचा उद्यम प्रवर्ग आणि बँकेतून गेलेली रक्कम या तीन वेगवेगळ्या खोल्यांतील माहिती एका ठिकाणी भेटली पाहिजे. निव्वळ हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये माल स्वीकारल्याची तारीख बहुधा नोंदलेलीच नसते. एका छोट्या पुरवठादाराला वेळेवर पैसे मिळणे हे अशा एका रिकाम्या रकान्यावर अवलंबून असू शकते.

माग ठेवणारी यंत्रे आणि माणसे

लेखा-मागाच्या नियमाने कार्यालयातील जुन्या सवयी हलवल्या. पूर्वी चुकलेली नोंद उघडून दुरुस्त केली जाई आणि कोणाला पत्ता लागत नसे. आता दुरुस्ती दिसते : कोणी केली, केव्हा केली, आधी काय होते. त्यामुळे चूक मान्य करून उलट नोंद करणे हा सरळ मार्ग उरतो. पण पाच जण एकाच नावाने आणि एकाच सांकेतिक शब्दाने प्रणालीत शिरत असतील, तर माग असूनही माणूस सापडत नाही. मध्यम कंपन्यांत हे सर्रास चालते, कारण प्रत्येक वापरकर्त्यामागे परवान्याचे शुल्क वाढते. ही काटकसर महागाची असते.

नियमातील दुसरी फट तांत्रिक आहे. पडद्यावरून केलेला बदल मागात उमटतो. परंतु तंत्रज्ञाने थेट विदासंचात शिरून एखादा आकडा बदलला तर तो उमटेलच असे नाही. लेखापरीक्षकांना २०२३-२४ या वर्षापासून आपल्या अहवालात या मागाविषयी स्वतंत्र विधान करावे लागते आणि मोठ्या कंपन्यांच्या अहवालांतही थेट विदासंचाच्या पातळीवर माग चालू नसल्याचे शेरे आढळले आहेत. प्रणाली घेताना विक्रेत्याला हा एक प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घेतलेले बरे.

सॉफ्टवेअर कंपनीच्या पद्धतीप्रमाणे वाकवायचे की कंपनीने सॉफ्टवेअरप्रमाणे वागायचे, हा वाद प्रत्येक अंमलबजावणीत उद्भवतो. जर्मनीतील लिडल या किराणा साखळीने सॅपची प्रणाली बसवण्याचे काम २०११ मध्ये हाती घेतले. लिडल साठ्याचा हिशेब खरेदी किमतीने ठेवत असे, तर प्रणालीची मूळ रचना विक्री किमतीवर होती. कंपनीने आपली पद्धत सोडली नाही, सॉफ्टवेअर बदलत राहिली आणि सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये प्रकल्प गुंडाळला. भारतीय कंपन्यांत हीच हट्टाची जागा अनेकदा बिलाच्या छपाईच्या नमुन्यात किंवा मालकाला रोज सकाळी हव्या असलेल्या एका तक्त्यात असते. ज्या गोष्टीमुळे ग्राहक आपल्याकडे येतो तेवढीच जपावी, बाकी सॉफ्टवेअरची रीत स्वीकारावी, असा साधा निकष लावला तर बहुतेक मागण्या गळून पडतात.

मात्र माणूस आणि यंत्र यांचे आकडे जुळेनात तेव्हा यंत्रच खरे, असे मानण्याची किंमत ब्रिटनने मोजली आहे. तेथील टपाल खात्याच्या शाखांत १९९९ पासून बसवलेली ‘होरायझन’ ही लेखाप्रणाली नसलेली तूट दाखवत होती. शाखा चालवणाऱ्या उपपोस्टमास्तरांनी तक्रारी केल्या. त्यांनाच चोर ठरवण्यात आले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, अनेकांचे संसार व अब्रू धुळीला मिळाली. त्यांत भारतीय वंशाचेही अनेक होते. २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

कारखान्याच्या भांडारातही ही गोष्ट छोट्या प्रमाणावर घडू शकते. नव्या प्रणालीत साठा कमी दिसला की पहिला संशय भांडारपालावर जातो. किलो आणि नगांचे गुणोत्तर तपासण्याचे कोणाला सुचत नाही. म्हणूनच पहिले एक-दोन महिने जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवणे, महिनाअखेर दोन्हींच्या तेरजा समोरासमोर ठेवणे आणि फरकाचे कारण सापडेपर्यंत कोणाकडेही बोट न दाखवणे, ही पद्धत टिकून आहे. ती खर्चिक आहे. लेखा विभागाला दुप्पट काम पडते. या काळासाठी तात्पुरती माणसे न घेणाऱ्या कंपन्यांत तिसऱ्या आठवड्यापासून जुनी वही अपुरी राहू लागते आणि तुलना नावापुरती उरते.

नवी प्रणाली स्थिरावली तरी जुनी लगेच काढून टाकता येत नाही. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात आणि लेखा-मागही तितकाच काळ. इलेक्ट्रॉनिक पुस्तकांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवण्याचे बंधन ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने आले आहे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून बहात्तर महिने लागतात. जुन्या प्रणालीत नोंद करण्याचे अधिकार काढून घेऊन केवळ वाचण्यापुरती ती चालू ठेवणे, तिचा परवाना जिवंत ठेवणे आणि ती उघडता येईल असे एखादे संगणकयंत्र राखणे हा खर्च अंदाजपत्रकात धरावा लागतो. सहा वर्षांपूर्वीच्या बिलाबाबत नोटीस आली की लेखा विभागातील कोणीतरी कोपऱ्यातल्या त्या यंत्रावरची धूळ झटकून ते सुरू करतो, आणि त्या क्षणी त्याचा सांकेतिक शब्द कोणाला तरी ठाऊक असावा लागतो.